डाव्या बुटाच्या टोकात

बर्फ

माझ्या मांडीवर पहिल्यांदा बर्फ ठेवला तो गजूभाऊंनी. चंद्रपूरच्या मासळी बाजारातून ते पिशवीत बर्फाचा चुरा घेऊन यायचे, त्यामुळे मॅच संपली की आमच्या अख्ख्या टीमच्या गुडघ्यांना झिंग्यांचा वास यायचा. गजूभाऊ म्हणजे आमचे कोच. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या मैदानावर वर्षानुवर्षं मुलींना फुटबॉल शिकवणारे. त्यांच्याकडे दुखण्यावर दोनच औषधं होती, बर्फ आणि शिव्या, आणि दोन्ही ते सारख्याच मायेने द्यायचे.

मी फॉरवर्ड. नाव प्रणाली, घरी पनू, जर्सीवर नऊ. गाव आरमोरीजवळचं, घरी धानाची शेती. शाळेतून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग, मग चंद्रपूरला कॉलेज आणि गजूभाऊ, मग राज्याची टीम. एक सीझन दक्षिणेतल्या एका क्लबकडून करारावर खेळले, थोडे गोल केले, थोडं सांबार पचवायला शिकले. ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहिते आहे त्या हिवाळ्यात त्याहून मोठ्या क्लबचं बोलावणं आलं होतं. दोन वर्षांचा करार. जायचं, मेडिकल तपासणी द्यायची, सही करायची. मला दुसरं काही नको होतं. लग्न नको, नोकरी नको, फक्त ती सही हवी होती.

फॉरवर्ड माणूस म्हणून फारसं बरं नसतं. नव्वद मिनिटांतली ऐंशी मिनिटं आम्ही समोरच्या डिफेंडरच्या खांद्याशी उभ्या राहून ती कधी चुकते याची वाट पाहतो. तिची एक चूक झाली की आमचं काम झालं. मला हे फार चांगलं जमायचं.

आता दुखण्याचं सांगते. थंडीत मॅच झाली की पुढचे दोन दिवस माझ्या मांड्या ठणकायच्या. वरचं मांस नाही, आतलं हाड. कुणीतरी आत गिरमिट फिरवतंय असं वाटायचं. पण फॉरवर्डला लाथा बसतातच, म्हणून कुणाला त्यात नवल वाटलं नाही, मला तर नाहीच. गजूभाऊ बर्फ आणायचे, मी दात आवळून तो तासभर धरून ठेवायचे. दुखणं कमी होण्याऐवजी वाढायचं. मग ते म्हणायचे, "आतला मार हाय वो, बाहेर येऊन राह्यला. अजून ठेव." आणि मी अजून ठेवायचे.

दुसरा त्यांचा नियम पाण्याचा. हाफटाइमला गुळणी करायची आणि थुंकायची, घोट घ्यायचा नाही. पाणी प्यायलं की पोट जड होतं असं त्यांना त्यांच्या कोचने शिकवलेलं. मी तो नियम टीममध्ये सगळ्यात कडक पाळायचे आणि त्याचा मला इतका माज होता की घरी बाबांनाही सांगायचे.

चिमूरची सकाळ

चिमूरला टुर्नामेंट होती. जानेवारी, धुकं इतकं की एका गोलपोस्टवरून दुसरी दिसत नव्हती. दोन दिवस अंगात कसर होती, ते मी कुणाला सांगितलं नाही. गोळी घेतली आणि उतरले.

पहिल्या हाफमध्ये गोल केला. डाव्या पायाचा, साधा, त्यांची डिफेंडर धुक्यात घसरली आणि मी तिथेच होते. हाफटाइमला गुळणी केली. दुसऱ्या हाफमध्ये एका लांब पासमागे धावले आणि पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, काहीतरी आवळलं. श्वास घ्यायला गेले तर अर्धाच आत गेला. मला वाटलं कुणी मागून मारलं. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं.

मी गुडघ्यावर बसले. सोनाली, आमची गोलकीपर, एवढ्या लांबून धावत आली. गजूभाऊही आले आणि त्यांनी काय करावं? पिशवी उघडली आणि माझ्या पाठीवर बर्फ ठेवला. मी ओरडले. आमच्या टीमने मला ओरडताना तोवर कधी ऐकलं नव्हतं. सोनाली नंतर म्हणाली, "पनू, त्या आवाजानं माह्या हातातले ग्लोव्हज गळून पडले."

चिमूरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि तिथून अँब्युलन्सने चंद्रपूरला. ऐंशीच्या वर किलोमीटर मी छताकडे पाहत श्वास मोजत होते. एक श्वास आत गेला की पुढचा जाईल की नाही याची खात्री नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला समजलं की मी मरू शकते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी हे समजणं म्हणजे फार उशीर, पण खेळाडू लोक तसेच असतात.

प्रश्न

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. शांत बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. तोवर आई-बाबा आरमोरीहून एसटीने आले होते. बाबांच्या पायात शेतातलीच चप्पल होती.

"सिकलसेल आहे," मॅडम म्हणाल्या. "वाहक नाही. आजारच आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. आत्ता फुफ्फुसात अडकल्यात. पुढचे दोन-तीन दिवस काळजीचे आहेत."

बाबा आपल्या उजव्या हाताकडे पाहायला लागले. दरवर्षी धान कापताना विळा धरतो तो हात.

मग मॅडमनी मला विचारलं, "शाळेत कधी तपासणी झाली होती? बोट टोचून?"

मी मास्कच्या आतून मान हलवली. नाही.

ते खोटं होतं. ही माझ्या आजाराची खरी गोष्ट आहे, म्हणून इथेच सांगून टाकते.

आठवीत असताना शाळेत तपासणीवाले आले होते. सगळ्यांचं बोट टोचलं. आठ दिवसांनी आमच्यातल्या काही जणांना चिठ्ठ्या आल्या. अमुक तारखेला आरमोरीच्या दवाखान्यात पुढच्या तपासणीसाठी पालकांसह यावे. खाली जांभळा शिक्का. ती तारीख नेमकी गडचिरोलीतल्या विभागाच्या सिलेक्शनची होती.

मी ती चिठ्ठी घरी दाखवली नाही. मला वाटलं, दाखवली तर दवाखान्यात नेतील, आणि कागदावर आजारी असं लिहिलं गेलं तर मैदानावर कुणी उतरू देणार नाही. माझे बूट शाळेच्या खेळाच्या पेटीतून मिळालेले, दोन नंबर मोठे. टोकात पेपर कोंबूनच ते पायात बसायचे. मी चिठ्ठीची घडी घातली, घडीची घडी घातली आणि डाव्या बुटाच्या टोकात कोंबली. सिलेक्शनला दोन गोल केले, दोन्ही डाव्या पायाने. टीममध्ये निवड झाली. पुढे ते बूट दोन वर्षं वापरले आणि चिठ्ठीचा मला विसर पडला. विसर पडला असं म्हणते, पण मॅडमनी विचारल्याबरोबर तो जांभळा शिक्का डोळ्यासमोर आला.

खोटं का बोलले? कारण करार. आधीपासून माहीत होतं असं एकदा कागदावर आलं की क्लबला कळणार. आदल्याच दिवशी क्लबच्या माणसाला सोनालीच्या फोनवरून मी सांगितलं होतं, निमोनिया झालाय, महिन्याभरात येते. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून. आज ते आठवलं की माझीच मला भीती वाटते.

पिशवी

त्याच दिवशी मांड्याही पेटल्या. छातीत एक दुखणं, पायांत दुसरं. मी रडत होते. गजूभाऊ वॉर्डाच्या दारात आले, हातात तीच पिशवी. माझं रडणं त्यांना बाहेर ऐकू गेलं होतं म्हणून ते मासळी बाजारात जाऊन आले होते.

मॅडम अजून पलंगाशीच होत्या. "हे काय आहे?"

"बर्फ, मॅडम. पायाले लावाले. नेहमी लावतो आम्ही."

"नेहमी? किती दिवसांपासून?"

"सात-आठ वर्सं झाले असतीन."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. "या आजारात थंडीनं पेशी आणखी अडकतात. बर्फ कधीही नाही. गरम शेक द्यायचा. आणि पाणी, भरपूर पाणी. पाणी कमी पडलं की हेच होतं."

मग बाबा उठले. माझे बाबा आवाज चढवणारे नाहीत. गावात भांडण झालं तर ते बैलांना पाणी पाजायला निघून जातात.

"म्हंजे तुमी माह्या पोरीले सात वर्सं गोठवून राह्यले होते," ते म्हणाले. "पानी बी नाई देलं तिले. मी तुमच्या भरोशावर ठेवलो होतो तिले इथी."

"भाऊ, मले मालूम नोहतं…"

"तुमाले मालूम नोहतं तं कोच काऊन झाले? जा तुमी. इथी नका येऊ."

गजूभाऊ गेले. जाताना त्यांनी पिशवी बेसिनमध्ये ठेवली. तिच्यातलं पाणी थेंब थेंब गळताना मला ऐकू येत होतं. मला बोलायचं होतं. दोन शब्द पुरले असते. मी बोलले नाही, आणि दम लागत होता हे कारण अर्धंच खरं होतं.

आईचा ग्लास

आमच्या घरात माझ्या आधी एक मुलगा होता. दीड वर्षाचा होऊन गेला. त्याच्याबद्दल आई कधी बोलत नाही, मला एवढंच माहीत की त्याचे हात-पाय सुजले होते आणि ताप होता.

बाबांच्या एका बहिणीने फोनवर ऐकवलं की हे आमच्याकडचं नाही, तुझ्या माहेराकडून आलं. आईने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. संध्याकाळी मॅडम आल्यावर तिने पदर सावरून विचारलं, "मॅडम, हे मायकडून येते का बापाकडून?"

"दोघांकडून, बाई. दोघांकडून थोडं थोडं आलं तरच आजार होतो. दोष कोणाचाच नाही."

आईने मान डोलावली. मग म्हणाली, "लहान लेकराचे हात-पाय सुजते का याच्यात?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "हो," म्हणाल्या.

आईने माझा पाण्याचा ग्लास उचलला आणि धुवायला गेली. तो नुकताच धुतलेला होता. ती बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा ग्लास रिकामाच होता.

दुपारचे दोन

दवाखान्याचा दिवस पहाटे फिनेलच्या वासाने सुरू होतो. मग थर्मामीटर, मग सिस्टर शीर शोधायला येते. माझ्या शिरा चौथ्या दिवशी संपावर गेल्या. सिस्टर हातावर टिचक्या मारून म्हणायची, "फुटबॉलवाली असून शिरा नाही सापडत, कसं व्हायचं?" तिसऱ्या दिवशी रक्त चढवलं. बाटलीतून कुणाचं तरी रक्त माझ्यात येताना पाहून मला आधी किळस आली आणि मग फार रडू आलं.

लोक म्हणतात रात्र वाईट. माझी दुपार वाईट होती. दोन वाजता नातेवाइकांना बाहेर काढायचे आणि वॉर्ड एकदम गप्प व्हायचा. पंखा फिरायचा. मी श्वास मोजायचे. एखादा श्वास थोडा लहान आला की वाटायचं, झालं, आली वेळ. मला पक्कं वाटत होतं की माझ्या खांद्याशी कुणीतरी उभं आहे आणि मी कधी चुकते याची वाट पाहतंय. डिफेंडरला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. मी घाबरट नव्हते. त्या पलंगावर मी घाबरट झाले आणि अजूनही थोडी आहे.

बाजूच्या पलंगावर कमलाबाई होत्या, अहेरीकडच्या. दोन लेकरांची आई, हाच आजार, दवाखान्याच्या इतक्या वाऱ्या झालेल्या की सिस्टरला कापूस कुठे ठेवलाय ते त्या सांगायच्या. त्यांनीच मला शेक कसा घ्यायचा ते शिकवलं. पिशवी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायची, नाहीतर कातडी भाजते.

"दुखन्यासंगं भांडू नोको, पोरी," त्या म्हणायच्या. "पानी पी. शेक घे. पडून राह्य."

"मला भीती वाटते, बाई."

"मले बी वाटते. दर टायमाले वाटते. काऊन, तुले वाटलं का मले आदत झाली?"

कुणीतरी असं स्पष्ट बोललं म्हणून मला त्या दुपारी झोप लागली.

शेकाची पिशवी दिवसातून तीनदा गरम होऊन यायची. मला वाटायचं आई सिस्टरच्या खोलीतून पाणी आणते.

बूट

पाचव्या दिवशी छाती थोडी मोकळी झाली, पण डावा पाय वळवता येईना. जांघेत खोल दुखायचं. मॅडमनी खुब्याची एमआरआय लिहून दिली. त्यांनी काही सांगितलं नाही, पण त्या लिहिताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

बाबा आदल्या दिवशी गावी जाऊन आले होते. धानाची पोती झाकायची होती. परत येताना त्यांनी एक पिशवी आणली आणि त्यातून काय काढावं? माझे ते बूट. सिलेक्शनचे. तळवा सुटलेला, काळ्याचे राखाडी झालेले. इतकी वर्षं ते घरात आढ्याला टांगलेले होते, दिवाळीत बाबा स्वतः ते फडक्याने पुसायचे. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे, आमच्या पनूचे पहिले बूट.

"हे पाह्य," ते म्हणाले. "इथून सुरू झालं होतं. यायच्याकडं पाह्य अन् हिंमत धर."

आणि त्यांनी लेस एकमेकींना बांधून ते बूट माझ्या पायाशी पलंगाच्या लोखंडी दांडीला अडकवले.

दोन दिवस ते बूट माझ्यासमोर लटकत होते. डावा माझ्या बाजूला. पंख्याच्या वाऱ्याने जरा हलायचा. मी डोळे मिटले तरी तो तिथे आहे हे मला माहीत असायचं. श्वासाची भीती कमी झाली होती, तिच्या जागी ही आली. कुणी लेस सोडली तर? आईने आतून पुसायचं ठरवलं तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, कुणीच काही केलं नाही तर?

सोनाली भेटायला आली. नेहमी बडबड करणारी, त्या दिवशी शांत.

"भाऊनं शिट्टी मले देऊन टाकली," ती म्हणाली. "मैदानाच्या खोलीची चाबी पन. म्हनते, माह्या हातानं पोरीचा जीव जात होता, आता मी कोनाले शिकवत नाई. लहान पोरी येऊन बसते अन् वापस जाते."

"कुठे आहेत ते?"

"खालीच. दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर. पह्यल्या दिवसापासून. तुह्या शेकाचं पानी कोन गरम करून देते, असं वाटते तुले? तुही आई खाली उतरते, ते पिशवी भरून देते. तुह्या बाबाले सांगू नोको म्हनते."

मी त्या बुटाकडे पाहिलं.

त्या वेळी एमआरआयचा रिपोर्ट आला नव्हता, हे मुद्दाम सांगते. करार अजून हातात होता. क्लबच्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला होता. मी गप्प राहिले असते तर पुढच्या महिन्यात कदाचित निघालेही असते, आणि पुढच्या थंडीत कुठल्या तरी मैदानावर पुन्हा गुडघ्यावर बसले असते. गजूभाऊ मात्र टपरीवरच बसून राहिले असते.

चार वाजता बाबा आत आले. मी म्हणाले, "बाबा, डावा बूट काढून द्या."

त्यांना वाटलं पायात घालून बघायचाय. त्यांनी हसत लेस सोडली. मी हात आत घातला. टोकात पेपरचा गोळा वाळून घट्ट झाला होता, नखाने उकरावा लागला. वर्तमानपत्राचे तुकडे आधी निघाले, मग ती घडी. घामाने आणि चिखलाने तिचा पुठ्ठा झाला होता. उलगडताना तुटली. अक्षरं गेली होती. शिक्क्याची जांभळी कड तेवढी राहिली होती.

मी सगळं सांगितलं. तपासणी, तारीख, सिलेक्शन, मॅडमना सांगितलेलं खोटं, क्लबला सांगितलेला निमोनिया. "गजूभाऊंना कुणी सांगणार कसं? मीच लपवलं. त्यांना माहीत असतं तर त्यांनी बर्फ लावला नसता."

बाबांनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग तसेच बाहेर गेले.

आई माझ्या पायाशी उभी होती. ती म्हणाली, "गेले ते बैलाले पानी पाजाले." आणि तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं, मलाही.

मला वाटलं ते आरमोरीची गाडी पकडून निघून गेले. साडेचारला वॉर्डाच्या दारात ते दिसले. त्यांनी गजूभाऊंचा दंड धरला होता, नवरदेवाला मांडवात आणतात तसा. गजूभाऊंच्या हातात शेकाची पिशवी होती, आणि ते खाली बघत होते.

"बसा भाऊ," बाबा म्हणाले. "माहं चुकलं. बसा."

गजूभाऊ स्टुलावर बसले आणि पिशवी फडक्यात गुंडाळायला लागले.

बाबा माझ्याकडे वळले. मी रागाची तयारी करून बसले होते.

"तू सांगतली असती नं," ते म्हणाले, "तरी त्या दिवशी मी तुले सिलेक्शनलेच नेलो असतो. दवाखान्यात नाई. मले मालूम आहे ना मी कसा आहो." तो तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. "तू लपवली. मी नुसता बूट पुसत राह्यलो."

त्यानंतर

डॉक्टर मॅडमना मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आता नीट उपचार करता येतील."

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. डाव्या खुब्याच्या हाडाचा गोळा आतून मरायला लागला आहे. रक्त पोचत नाही म्हणून. चालता येईल, काळजी घेतली तर बरीच वर्षं. धावणं, उडी, वळणं नाही. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आई, बाबा आणि गजूभाऊ पलंगाशीच होते. कमलाबाईंनी आपल्या पलंगावरून हात लांब करून माझ्या पांघरुणाचं टोक धरून ठेवलं.

क्लबला फोन मी स्वतः केला. माणूस चांगला होता. "काळजी घ्या," म्हणाला. तीन मिनिटांत संपलं. मी फोन ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी मला कुणाचंही चांगलं बोलणं नको होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हा आजार असेल, म्हणून चार गोष्टी. डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल रोज घ्या, बरं वाटतंय म्हणून सोडू नका, मी सोडली होती आणि आठवड्यात परत सलाइनवर गेले. पाणी प्या. थंडीत अंग झाका. आणि दुखलं तर दुखतंय म्हणा. मला हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

भीती गेली का? नाही. थंडी सुरू झाली की मी स्वेटरवर स्वेटर चढवते आणि रात्री पाय चाचपते. साधी उचकी लागली तरी आई स्वयंपाकघरातून धावत येते.

गजूभाऊंनी शिट्टी परत घेतली. मी त्यांच्याबरोबर मैदानावर जाते. माझं काम पाण्याच्या बाटल्यांचं. दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबतो आणि सगळ्या पोरी घोट घोट पितात. गजूभाऊ स्वतः समोर उभे राहून पाहतात. बर्फाची पिशवी अजून आहे, पण कुणाला लावायच्या आधी ते विचारतात, "तपासनी झाली का वो तुही?" आणि उत्तर येईपर्यंत पिशवी पाठीमागे धरून ठेवतात.

मागच्या आठवड्यात कॉलनीच्या शाळेत तपासणीवाले येऊन गेले. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. परवा विभागाचं सिलेक्शन आहे.

काल सराव सुरू व्हायच्या आधी मी सगळ्या पोरींना बूट काढून उलटे करून झटकायला सांगितलं. त्या हसल्या. कुणाच्या बुटातून खडे पडले, एकीच्या बुटातून धानाची तणीस. "ताई, विंचू शोधून राह्यली का?" एक म्हणाली. मीही हसले.

एका मुलीने बूट काढले नव्हते. आठवीतली, आमची फॉरवर्ड. दोन नंबर मोठे बूट. ती लेसशी नुसती बोटं चाळवत होती, सोडत नव्हती.

मी तिच्यासमोर खाली बसले. मला आता खाली बसायला वेळ लागतो, आधी उजवा गुडघा, मग हात टेकवून डावा पाय लांब. तोवर ती माझ्याकडे पाहत होती.

"ताई, परवा सिलेक्शन आहे," ती हळूच म्हणाली.

"मले मालूम आहे," मी म्हणाले, आणि तिच्या डाव्या बुटाची लेस सोडायला घेतली.